बर्फाआधीची वीस मिनिटं

आमच्या फ्रिजच्या वरच्या खणात बर्फाचे दोन ट्रे नेहमी भरलेले असतात. घरात बर्फ कोणाला लागत नाही. अप्पांच्या घशाला तो सोसत नाही आणि मला सरबताची हौस नाही. तरी रविवारी मी ते ट्रे उपडे करतो, धुतो आणि पुन्हा भरून ठेवतो. अप्पा खुर्चीतून बघत असतात. परवा म्हणाले, "कोणासाठी रे?"

"सवय," मी म्हटलं.

"सवयीला वीज लागते," असं म्हणून त्यांनी पेपर वर धरला.

ट्रे माझ्या बायकोचे. ती बंगळूरला असते. भांडून गेलेली नाही, नोकरीला गेली आहे. तिला तिथे पोचवण्यात माझाही थोडा हात आहे. कसा, ते सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही हुबळी आणि धारवाडच्या मधल्या नवनगरला राहायला येऊन थोडीच वर्षं झाली होती. मी हुबळीच्या गोकुळ रोडवर पंपांचे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात तपासनीस होतो, अजूनही आहे. यंत्रावरून उतरलेल्या मालातले काही नग काढायचे, मोजायचे, मापं आलेखावर मांडायची आणि यंत्र बिघडायच्या आत चालवणाऱ्याला सांगायचं, हे माझं काम. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची. ती धारवाडच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.चं काम करत होती. मूलबाळ नव्हतं. घरात आम्ही दोघं आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरातल्यांची उजळणी घेणं हा त्यांचा उद्योग होता.

तिच्या कामाची पहिली ओळख मला स्वयंपाकघरात झाली. ती गवारीच्या शेंगा मोडत होती.

"पेशीच्या आत नळ्या असतात," ती म्हणाली.

"कसल्या?"

"पोकळ. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकाला एक जोडले जातात आणि नळी तयार होते. सूक्ष्मनलिका म्हणतात तिला. पेशीला आकार राहतो तो तिच्यामुळे, आतला माल वाहिला जातो तोही तिच्यावरूनच."

"बाहेरचा व्यास?"

"पंचवीस नॅनोमीटर."

"टॉलरन्स किती?"

शेंग हातात तशीच धरून ती हसत सुटली. "अहो, नळीचा टॉलरन्स विचारणारा माणूस मला अजून भेटला नव्हता."

मी गमतीने विचारलं नव्हतं. नळी म्हटली की व्यास आला, व्यास आला की किती इकडेतिकडे चालेल हे आलंच. मी पुढे विचारलं, "मग तपासतं कोण?"

"कोणी नाही. टोकाला कण जोडले जातात, आणि मधेच अचानक सुटायला लागतात. बांधणं आणि मोडणं सारखं चालू असतं."

"मग माल पुरा कधी होतो?"

"होतच नाही. पुरा झाला तर पेशीच्या उपयोगाचा नाही. कधी बांधायचं आणि कधी मोडायचं यावर पेशी ताबा ठेवते. तो कसा ठेवते, ते मला बघायचंय."

हा ताबा तिने मला बऱ्याच वेळा समजावला, आणि मी तो माझ्या शब्दांत असा लक्षात ठेवला आहे. मेंदूच्या पेशीत टाऊ नावाचं आणखी एक प्रथिन असतं. ते नळीला बाहेरून धरतं. धरलं की नळी टिकते, नवी नळीही भराभर बनते. पेशीला हे सैल करायचं असलं की ती टाऊवर फॉस्फेट चिकटवते. चिकटवणारी एंझाइमं वेगळी, काढणारी वेगळी. फॉस्फेट चिकटलं की टाऊची पकड सुटते.

"आणि मग टाऊचं काय होतं?" मी विचारलं होतं.

"काही नाही. तिथेच जवळपास असतं. फॉस्फेट निघालं की परत धरतं."

हे दाखवायला तिला ताजा मेंदू लागे. बकऱ्याचा. तो मिळे हुबळीत, कमरीपेठेतल्या एका मटणाच्या दुकानात. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. त्यामुळे निळा, रुंद तोंडाचा फ्लास्क कायम मागच्या गॅलरीत खिळ्याला टांगलेला असे. त्यात घरचा बर्फ भरायचा, बर्फात स्टीलचा डबा, डब्यात तिने आणलेलं थंड द्रावण. मेंदू त्या द्रावणात पडला की घाई संपली, मग धारवाडपर्यंत काही होत नाही, असं ती सांगे. अप्पांनी पहिल्या दिवशीच जाहीर केलं होतं की फ्लास्काला हात लावलेल्याने त्यांच्या चहाला हात लावायचा नाही. पण संध्याकाळी ती परत आली की पहिला प्रश्न त्यांचाच.

"सूनबाई, उभी राहिली का नळी?"

"राहिली, अप्पा."

"बोकडाच्या डोक्यात एवढं असतं हे शाळेत असताना कळतं तर काही पोरांना मी बोकड म्हटलं नसतं."

माझी दुपारची पाळी असली की सकाळी स्कूटरवर कमरीपेठेला मी जायचो आणि फ्लास्क धारवाडला तिच्या हातात द्यायचो. तोवर ती बसने पुढे जाऊन यंत्रं थंड करून ठेवायची. माझी सकाळची पाळी असली की तीच बसने हुबळीला जायची आणि फ्लास्क मांडीवर घेऊन उलट धारवाडला. असं वर्षभर चाललं होतं.

त्या वर्षात तिचं काम पुढे सरकत नव्हतं. प्रयोग दिसायला सोपा. मेंदूतून काढलेलं प्रथिनांचं द्रावण काचेच्या लहान चौकोनी नळीत घालायचं, शरीराइतकं गरम करायचं आणि त्यातून प्रकाश सोडायचा. सूक्ष्मनलिका बनू लागल्या की द्रावण किंचित गढुळतं आणि यंत्राचं पेन कागदावर रेषा वर चढवत नेतं. एक रेषा आहे त्या द्रावणाची, दुसरी फॉस्फेट काढणारं एंझाइम घातलेल्या द्रावणाची. दुसरी रेषा जास्त उभी चढली पाहिजे, कारण मोकळा झालेला टाऊ पकड घेणार. कधी ती सुरेख चढे. कधी दोन्ही रेषा एकमेकींवर बसत, जणू एंझाइम घातलंच नव्हतं.

तिचे मार्गदर्शक भले, पण सरळ बोलणारे. त्यांनी सांगितलं होतं की बंगळूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत याच विषयावर दोन वर्षांची जागा निघते आहे, ते तिचं नाव सुचवतील, मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीआधी रेषा प्रत्येक वेळी सारख्या यायला हव्यात. नाहीतर विषय बदलावा, सोपा घ्यावा, आणि पदवी पदरात पाडून घ्यावी. ते आणखी एक बोलले होते, ते तिने मला दोन दिवसांनी सांगितलं. कदाचित तिच्या हातात या कामाची सफाई नसेल.

त्या दिवसांत ती जेवताना स्वतःच्या हातांकडे बघायची. अप्पांनीही नळीची चौकशी बंद केली.

मग एका रविवारी तिने सगळ्या रेषांचे कागद बाहेर काढले. जेवणघराच्या भिंतीला या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधली आणि कपड्यांचे चिमटे लावून ते कागद तारखेने टांगले. एक सुतळी पुरली नाही, खाली दुसरी बांधली. "आता विषय बदलायच्या आधी एकदा सगळं एकत्र बघते," म्हणाली आणि बघत न बसता भाकऱ्या करायला आत गेली.

मी बघत बसलो. आकडे नव्हते, रेषा होत्या, पण मला त्या ओळखीच्या वाटल्या. हात कच्चा असला की मापं सगळीकडे विखुरतात, चांगली-वाईट मिसळलेली असतात. इथे तसं नव्हतं. चांगल्या रेषा एका ठिकाणी, बिघडलेल्या एका ठिकाणी, मग पुन्हा चांगल्या, पुन्हा बिघडलेल्या. मापांचे असे दोन ढीग पडले की कारखान्यात आम्ही यंत्राकडे बघत नाही. यंत्रावर कोण होतं ते बघतो.

आणि ढीग आठवड्याने बदलत होते.

"अगं," मी हाक मारली, "बिघडलेले सगळे माझ्या दुपारच्या पाळीतले आहेत."

ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "म्हणजे?"

"म्हणजे मेंदू मी आणला ते."

तिने कागदांवरून एकदा नजर फिरवली, मग उलट बाजूने फिरवली. "तुम्ही लगेच बर्फात टाकता ना?"

"हातात आल्याबरोबर. एक मिनिट जात नाही."

"मग हातात कधी येतो?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण आजवर कोणी विचारलं नव्हतं. मटणाच्या दुकानात मी कधी आत गेलो नाही. समोर सोडा विकणाऱ्याची टपरी होती, तिथे उभा राहायचो. दुकानदाराला मी दिसलो की तो मान हलवायचा, आणि थोड्या वेळाने पानात बांधलेलं पुडकं रस्ता ओलांडून स्वतः आणून द्यायचा. त्या थोड्या वेळात मी एक सोडा पीत असे. गर्दी असली तर दोन.

ती तशीच उभी होती. पीठ हातावर वाळत चाललं होतं. मग ती हळूहळू बोलू लागली, माझ्याशी कमी आणि भिंतीशी जास्त. जनावर मेलं की फॉस्फेट चिकटवणारी एंझाइमं थांबतात, कारण त्यांना लागणारी ऊर्जा संपते. काढणाऱ्यांना ती लागत नाही. मेंदू उबदार राहील तोवर ती काढत राहतात. वीस मिनिटं पुष्कळ झाली. मग मी नेलेल्या मेंदूतलं फॉस्फेट आधीच निघालेलं, आणि ती वर प्रयोगशाळेत काढणारं एंझाइम घालून वाट बघत बसते.

"काढायला काही उरलेलंच नसतं हो," ती म्हणाली.

मी कारखान्यात सांगतो तेच सांगितलं. असं वाटतं, एवढ्यावर भागत नाही, करून बघायला हवं. एकाच मेंदूचे दोन भाग करायचे, एक तिच्या पद्धतीने आणि एक माझ्या.

ती जागा मिळाली तर ती जाणार, हे मला त्या वेळी माहीत होतं. सांगावं की न सांगावं हा प्रश्न मला पडला नाही. हाक मारून झाल्यावर बंगळूर आठवलं.

सोमवारी मी कारखान्यात रजा टाकली. आम्ही दोघंही गेलो. दुकानदार पन्नाशीचा, कन्नड-मराठी मिसळून बोलणारा. मला उंबऱ्याच्या आत बघून त्याने सुरी खाली ठेवली.

"बर्री, अण्णा, या या! आज आत? अक्का, काय केलंत हो यांना?"

तिने त्याला विचारलं की अण्णांचा माल तो कसा देतो. तो खूश झाला. त्याने सगळं दाखवलं. अक्का आली की तिला घाई असते, डबा पुढे करते, तो मेंदू तसाच टाकतो. अण्णांचं तसं नाही. अण्णा शाकाहारी माणूस, रक्त बघवणार नाही, म्हणून आधी कोमट पाण्याने स्वच्छ धुतो. मग ओट्यावर फडकं टाकून झाकून ठेवतो. आणि रस्त्यावर त्यांच्या ओळखीचं कोणी नाही असं बघून मगच नेऊन देतो.

"मागे तुमच्या अप्पांचे दोस्त दोघं सोड्यापाशीच उभे होते. मी म्हटलं, ते जाऊ देत. मर्यादा नको का?"

"कोमट पाण्याने?" तिने विचारलं.

"हौद्री, अक्का, कोमटच. गारठ्याने कडक होतो ना, मऊ राहावा म्हणून."

ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. दुकानदार माझ्याकडे बघू लागला, काय चुकलं म्हणून. "काही चुकलं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही दोघांनी मिळून माझी फॉस्फेटं काढून टाकलीत, बास." तो म्हणाला, "मी काही काढलं नाही हो, अक्का, सगळं पुडक्यात घातलं होतं."

त्याने त्या दिवशी एक भाग थेट डब्यात टाकला आणि दुसरा आमच्यासमोर धुऊन, झाकून ओट्यावर ठेवला. तेवढ्या वेळात मी दुकानातच बाकावर बसलो. रस्त्यावरून कोण गेलं ते बघितलं नाही.

धारवाडला जाताना दोन डब्यांचा फ्लास्क तिने आमच्या दोघांच्या मध्ये धरला होता. झाकण नीट बसत नव्हतं. गार वाफ माझ्या पाठीला लागत होती आणि ती मागून सारखी बजावत होती, "खड्डा सांभाळून." नवनगर आलं, मागे पडलं. एरवी तिथे आमच्या वाटा वेगळ्या होत. मी स्कूटर जितकी सावकाश चालवता येईल तितकी चालवली. तिला वाटलं खड्ड्यांमुळे.

दुपारी मी पहिल्यांदाच तिच्या यंत्रासमोर बसलो. आम्ही दोन स्टुलांवर शेजारी शेजारी. पेन काही वेळ आडवंच सरकत राहिलं. मग उचललं. तिच्या डब्यातली पहिली रेषा मंद चढली, एंझाइम घातल्यावरची झपाझप. माझ्या डब्यातल्या दोन्ही रेषा पहिल्यापासून झपाझप, एकीवर एक. चौथी रेषा संपली. तिने आपले दोन्ही हात मांडीवर उलटेसुलटे करून बघितले.

"हाताला काही झालेलं नाही," मी म्हटलं.

"नाही ना?"

"माप बरोबर आहे. माल दोन प्रकारचा होता."

त्यानंतर मी आत जाऊन डबा पुढे करू लागलो, आणि पाळी कोणतीही असो, रेषा सारख्या येऊ लागल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मार्गदर्शकांनी तिचं नाव सुचवलं. प्रबंध पुरा करून ती सकाळच्या गाडीने बंगळूरला गेली. स्टेशनवर अप्पा आले होते. त्यांनी तिला लाडू दिले आणि म्हणाले, "सूनबाई, तिथल्या नळ्यांना सांग, हुबळीची माणसं आहोत, वेळ लावतो पण सोडत नाही." ती वाकून नमस्कार करत होती, तिचा चेहरा मला दिसला नाही. मला ती एवढंच म्हणाली, "ट्रे भरून ठेवा. सुट्टीत आले की लागेल."

दोन वर्षांची जागा होती. तिची पुढे चार झाली, मग तिथेच कायमची नोकरी. मी तिकडे बदली मागू शकत नव्हतो, आमच्या कारखान्याला दुसरी शाखा नाही. अप्पांनी धारवाड-हुबळी सोडून जगायचं ठरवलं असतं तर नोकरीचंही काही बघितलं असतं, पण त्यांना मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी विषय काढला नाही. ती दिवाळीला येते, उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला येते, मे महिन्यात आठ-दहा दिवस राहते. आली की पहिल्या दिवशी आम्ही फार जपून वागतो, तिसऱ्या दिवशी भाजीवरून वाद होतो, आणि तो वाद संपायच्या आत तिची निघायची वेळ येते. तिने लावलेल्या सुतळ्या जेवणघरात अजून आहेत. अप्पा त्यांच्यावर टॉवेल वाळत घालतात.

रविवारी ती फोन करते. अप्पा आधी बोलतात, नळीची खबर घेतात आणि रिसीव्हर माझ्याकडे देतात. मी प्रत्येक वेळी कामाचंच विचारतो, कारण तिथे मला काय विचारायचं ते कळतं. मागच्या रविवारी विचारलं, "तिकडे मेंदू कोण आणतं?"

"माणूस आहे. गाडी आहे. कापल्यापासून बर्फात पडेपर्यंत दोन मिनिटं, तो वेळ लिहून देतो."

"मग रेषा चांगल्या येत असतील."

"येतात. रोज सारख्या." मग म्हणाली, "अहो, इथे एकदाही बिघडत नाहीत. तुमचा कोणता आठवडा चाललाय तेसुद्धा कागदावरून कळत नाही."

मी म्हटलं, "उद्यापासून माझी दुपारची पाळी आहे."

"हो का?" ती म्हणाली. "मग सकाळी मोकळेच असाल."

फोन ठेवल्यावर मी ट्रे उपडे केले, धुतले आणि भरून ठेवले. सोमवारी सकाळी स्कूटर काढली, कमरीपेठेपर्यंत गेलो. दुकानदाराने मला बघितलं आणि सवयीने सुरी खाली ठेवली. मी मानेनेच नाही म्हटलं, समोर जाऊन एक सोडा घेतला आणि पुरता संपेपर्यंत उभा राहिलो.